पिसाची माशी, पांगाऱ्याचा मासा

मोले, नेत्रावळी किंवा खोतीगावच्या रानात पहाटे आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवर काळसर पिसांची झालर असते. तिच्यातील पिसांच्या टोकाशी, वितळलेल्या मेणाचा थेंब पडून गोठावा तसा, एक कडक, चकचकीत, पिवळट ठिपका असतो. स्कॉटलंडच्या थंड नद्यांत सामन मासा पकडणाऱ्या हौशी मंडळींना हे पीस दीडशेहून अधिक वर्षे परिचित आहे. त्यांच्या बोलीत त्याचे नाव ‘जंगल कॉक’. गळाच्या दोन्ही बाजूंना असे एकेक पीस बांधले की त्या आमिषाला जणू डोळे फुटतात. हा पक्षी निसर्गतः फक्त भारतातच आढळतो. दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या रानातला कोंबडा स्कॉटिश माशाच्या गळावर कसा जाऊन बसला, हे कळण्यासाठी हाताने आमिष घडवण्याची कला थोडी जवळून पाहावी लागते.

आपल्याकडे गरी टाकून बसणारा माणूस गळाला सुंगट, गांडूळ किंवा मासळीचा तुकडा लावतो. ते नैसर्गिक आमिष. कृत्रिम आमिषांची मुख्य कुळे दोन. पहिले ‘फ्लाय’, म्हणजे माशी : गळाच्या दांड्याभोवती दोऱ्याने पिसे, केस, लोकर किंवा जर बांधून केलेली आकृती. तिला वजन जवळजवळ नसते, म्हणून ती फेकण्यासाठी जाड व जड दोरी आणि लवचीक काठी वापरतात. दोरीच्या वजनाबरोबर माशी पुढे जाते. दुसरे ‘ल्युअर’ : लाकूड, धातू किंवा प्लास्टिकचा तुकडा. तो स्वतःच्या वजनाने फेकला जातो आणि ओढला की पाण्यात डुलतो, गिरकी घेतो किंवा बुडी मारतो. माशी म्हटले तरी ती प्रत्येक वेळी कीटकाचीच नक्कल असते असे नाही. खाडीत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक माश्या लहान मासे आणि सुंगटे यांच्या रूपाच्या असतात.

या कलेचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इलियन या रोमन लेखकाच्या ग्रीक ग्रंथात येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात त्याने मॅसिडोनियातील अस्ट्रियस नावाच्या नदीवरील मासेमारीचे वर्णन केले. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर घिरट्या घालणारा एक कीटक खात. परंतु हा कीटक हाताळला की त्याचा रंग उडे, पंख चुरगळत आणि मासे त्याला तोंड लावीत नसत. तेव्हा कोळ्यांनी गळाभोवती किरमिजी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची, गडद मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला जोडली. लोकर, दोरा आणि गावठी कोंबड्याची दोन पिसे एवढाच सारा संभार. १८०० वर्षांनंतरही सामान्य माशीची सामग्री फारशी वेगळी नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरील एक निबंध छापला. त्यात वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांसाठी १२ माश्या सांगितल्या आहेत. जपानमध्ये कानाझावा या नगरात पिसांच्या बारीक माश्या बांधण्याची परंपरा स्वतंत्रपणे वाढली आणि आजही ती हस्तकला म्हणून टिकून आहे. भारतातील नद्यांविषयी बोलायचे तर गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या कानडा जिल्ह्यातील इंग्रज अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झाले. महाशीर माशावरील त्यातील प्रकरणे अजूनही वाचली जातात.

पिसांचा सोस

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांना अकस्मात वैभव प्राप्त झाले. साम्राज्याच्या बंदरांत जगभरचे पक्षी कातडीसह उतरत होते. स्त्रियांच्या टोप्यांना पिसे हवी होती, आणि त्या व्यापारातील उरलीसुरली पिसे माश्या बांधणाऱ्यांच्या मेजावर येत होती. ‘जॉक स्कॉट’ ही त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध माशी. तिच्यात चीनमधील सोनेरी फेझंट, आफ्रिकेतील शहामृग व गिनी कोंबडी, दक्षिण अमेरिकेतील टुकान व मकाव, आणि गालांवर आपल्या रानकोंबड्याची ठिपकेदार पिसे, असा निम्म्या पृथ्वीचा मेळा दोन-तीन इंचांच्या गळावर भरवलेला असे. तिच्या शेपटीला लागणाऱ्या एका लालभडक पिसाचे व्यापारी नाव ‘इंडियन क्रो’. हा पक्षी ना भारतीय, ना कावळा. तो दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला फळे खाणारा पक्षी आहे. १८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी ‘द सामन फ्लाय’ हा जाडजूड ग्रंथ काढून या थाटाला जवळजवळ शास्त्राचे रूप दिले. अमुक पीस नसेल तर अमुक माशी खोटी, अशी भाषा तेव्हापासून रूढ झाली.

गंमत अशी की अटलांटिक सामन अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरला की खाणे जवळजवळ बंद करतो. तो माशीवर का झडप घालतो, याविषयी तर्क पुष्कळ आहेत : जुनी सवय, चीड, किंवा निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. पण त्याला टुकानचे पीस आणि रंगवलेले कोंबडीचे पीस यांतला फरक कळतो, असे कोणी दाखवून दिलेले नाही. विसाव्या शतकात प्राण्यांच्या केसांच्या साध्या माश्या आल्या आणि त्यांनी त्याच नद्यांतून तितक्याच सहजतेने सामन काढले. दुर्मीळ पिसांची ओढ माशाला नव्हती. ती माशी बांधणाऱ्याला होती.

तिची किंमत पक्ष्यांनी मोजली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने १९०२ साली वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवरील निर्बंधाचा कायदा १९२१ साली झाला. तरीही रानकोंबड्याच्या मानेची ‘केप’ चोरवाटांनी बाहेर जातच राहिली. या सोसाचा कळस जून २००९ मध्ये दिसला. लंडनजवळील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या पक्षिविभागातून एका तरुण संगीत विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. त्यांपैकी काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मलाया द्वीपसमूहातून आणलेली होती. चोरीचा हेतू एकच : जुन्या पद्धतीच्या सामन माश्या बांधणाऱ्यांना पिसे विकणे. अनेक कातड्यांवरील स्थळ-काळाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या, आणि चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो नमुना मुका होतो. हे लक्षात घेण्यासारखे आहे की अशा माश्या बांधणाऱ्यांपैकी पुष्कळजण मासे पकडतच नाहीत. त्यांच्या माश्या चौकटीत बसवून भिंतीवर लावल्या जातात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्न छंदाच्या पातळीवर उरत नाही. रानकोंबडा, बगळा, खंड्या, नीलपंख यांची पिसे, तसेच चितळ-सांबराचे केस वापरणे टाळावे. परदेशी पुस्तकांत ‘हरणाच्या शेपटीचे केस’ असे साहित्य सहज सांगितलेले असते. तेथे हरणाची शिकार परवान्याने होते, येथे ती गुन्हा आहे. वन्यप्राण्याचा अवयव बाळगणाऱ्यावरच तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार आपला कायदा टाकतो. त्यामुळे ‘रानात पडलेले मिळाले’ हे उत्तर पुरत नाही, आणि अभयारण्यातून तर काहीच उचलून आणायचे नसते. मोराच्या आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत वापरापुरती सवलत आहे. निर्यात मात्र वर्ज्य. मोरपिसाच्या देठावरील हिरवे-तांबूस झळाळणारे तंतू जगभरच्या माश्यांत वापरले जातात आणि ते येथे देवघरातल्या जुन्या मोरपिसातूनही मिळू शकतात.

घरगुती कोंबड्याची मानेवरची आणि पाठीवरची पिसे, बोकडाचे केस, लोकर, रेशमी दोरा, साडीच्या काठाची किंवा शिवणकामाच्या दुकानातली जर : एवढ्यात खाडीतील कोणतीही माशी पुरी होते. खरेतर परदेशातील नामवंत बांधणारेही आज मुख्यतः पाळीव कोंबड्यांवरच अवलंबून आहेत. अमेरिकेत केवळ लांब, सडपातळ पिसांसाठी कोंबड्यांच्या खास जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवल्या गेल्या. रानकोंबड्याच्या ठिपक्याची नक्कल करायची असेल तर काळ्या पिसाच्या टोकावर पिवळट-पांढऱ्या एनॅमल रंगाचा थेंब टाकून वाळवला की काम होते.

माशाला काय दिसते

आमिष घडवणाऱ्याचा पहिला मोह म्हणजे ते हुबेहूब करणे. खवले रेखाटावेत, कल्ले दाखवावेत, डोळ्यात बाहुली भरावी. तो श्रम वाया जातो असे नाही, पण पाण्यातील अनुभव वेगळे सांगतो. माशासमोर आमिष क्षणभर येते. त्या क्षणात त्याला आकार, लांबी, हालचाल आणि छायेतला फरक एवढेच उमगते. याशिवाय माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी संवेदनशील रेषा पाण्यातील कंप टिपते. गढूळ पाण्यात शिकार करणारा मासा डोळ्यांइतकाच या रेषेवर विसंबतो. केसांची दाट कॉलर किंवा लाकडी माशाचा डुलणारा पवित्रा याच कारणाने कामाला येतो : तो पाणी ढकलतो.

रंगाविषयी दोन गोष्टी पक्क्या आहेत. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो. हातात लालभडक दिसणारे आमिष थोडे खोल गेले की काळपट होते. दुसरी, बहुतेक लहान मासे पाठीवर गडद आणि पोटाकडे फिके असतात. वरून पाहणाऱ्याला ते तळाच्या अंधारात आणि खालून पाहणाऱ्याला आकाशाच्या उजेडात मिसळतात. आमिषातही हीच वाटणी ठेवावी. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे पाणी लाल मातीने गढुळले की काळ्या, सोनेरी आणि गडद जांभळ्या आकृत्या अधिक उठून दिसतात. पाऊस ओसरून पाणी निवळले की पांढरा, रुपेरी आणि फिका हिरवा.

विसाव्या शतकाच्या आरंभी जी. ई. एम. स्क्यूज या इंग्रज वकिलाने पकडलेल्या माशाचे पोट तपासून, त्यात आढळलेल्या कीटकांप्रमाणे माश्या बांधण्याची सवय लावून घेतली होती. गोव्यात त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. घरी मासळी कापणाऱ्या बाईला चोणकाच्या पोटात काय सापडते हे पाठ असते : सुंगटे, शेवट्याची पिल्ले, कधी लहान खेकडा. तिला विचारावे.

खाडीसाठी एक माशी

लेफ्टी क्रे या अमेरिकन मत्स्यछंदीने १९५० च्या दशकात चेसापीक उपसागरासाठी ‘डिसीव्हर’ नावाची माशी तयार केली. ती इतकी मान्यता पावली की १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. तिचा ढाचा आपल्या खाड्यांना चांगला लागू पडतो आणि नवशिक्याला तो जमतो, म्हणून येथे तिचीच कृती घरच्या साहित्यासह दिली आहे.

गळ शक्यतो स्टेनलेस किंवा कथिलाचा मुलामा दिलेला घ्यावा. साधा गळ खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजतो. चोणकासाठी १/० किंवा २/० मापाचा पुरे. गळाच्या डोक्याला दोरी ओवायचे जे छिद्र असते ते नेढे, सरळ भाग तो दांडा, वळण तो बाक. बाकाकडून गळ लहान शिकंज्यात घट्ट धरावा. शिकंजा नसेल तर सुताराच्या वाइसनेही भागते. नेढ्यामागे तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोऱ्याचे वेढे शेजारीशेजारी घालत बाकाच्या सुरुवातीपर्यंत यावे. हा पाया नसेल तर पुढचे सारे दांड्यावर गोल फिरते.

आता शेपटी. कोंबड्याच्या पाठीवरची चार ते सहा पांढरी पिसे लांबीने जुळवून घ्यावीत. प्रत्येक पिसाला एका बाजूस किंचित वाक असतो. निम्मी पिसे डाव्या आणि निम्मी उजव्या बाजूस, वाक आत येईल अशी लावावीत, म्हणजे ती मिटलेल्या तळव्यांसारखी एकत्र राहतात आणि फेकताना गळाच्या बाकाभोवती गुंतत नाहीत. शेपटी दांड्याच्या दुप्पट ते अडीचपट लांब असावी. तिच्या दोन्ही अंगांना रुपेरी जरीचे तीन-चार तंतू सोडावेत. याहून अधिक नको. मग जरीची पट्टी दांड्यावर गुंडाळत पुढे आणावी आणि दोऱ्याने बांधून कापावी.

शेवटी कॉलर. बोकडाच्या केसांची काडीपेटीच्या काडीएवढी जाड जुडी घ्यावी, मुळाकडची मऊ लव विंचरून काढावी आणि ती नेढ्यामागे खालच्या बाजूस अशी बांधावी की केसांची टोके बाकाच्या मागे जाऊन शेपटीचे मूळ झाकतील. तशीच गडद रंगाची जुडी वरच्या बाजूस. दोऱ्याचे डोके शंकूसारखे करून पाच-सहा वेढे दोऱ्याच्या स्वतःच्याच टोकावरून घालावेत आणि टोक ओढून घ्यावे. ही गाठ जमत नसेल तर एकावर एक चार साध्या अर्धगाठी चालतात. डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. एनॅमल रंगाने डोळा काढावा. पांढऱ्यावर काळा ठिपका पुरेसा आहे.

बहुतेकांची चूक एकच होते : साहित्य जास्त लागते. भरगच्च माशी हातात सुंदर दिसते, पाण्यात ती भिजलेल्या कुंचल्यासारखी पडते. माशी बांधून झाली की पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत ती ओढून पाहावी. ओली होऊन ती सडपातळ झाली आणि थांबवताच पिसे किंचित फुलली, तर ती उतरली. दुसरी चूक नेढे बुजवण्याची. पॉलिश वाळण्याआधी सुईने छिद्र मोकळे करून घ्यावे.

पिसे कोंबडीच्या दुकानातून आणली असतील तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत आणि बंद पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे कीड राहत नाही. हळदीच्या गरम पाण्यात पांढरे पीस चांगले पिवळे होते. माशी फेकायची खास काठी नसली तरी साध्या स्पिनिंग काठीवर दोरीला फुगा लावून, किंवा मानशीच्या काठावरून बांबूच्या लांब काठीने ती चालवता येते.

पांगाऱ्याचा मासा

लाकडी ल्युअरच्या इतिहासात एक नाव टाळता येत नाही. फिनलंडमधील लौरी रापाला हे पोटासाठी मासेमारी करणारे गृहस्थ. मोठे मासे लहान माशांच्या थव्यातून नेमका लंगडत, एका बाजूस झुकत पोहणारा मासा उचलतात, हे त्यांनी वल्हवताना पाहिले. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडावर चांभारी सुरी चालवून पहिला मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा रुपेरी कागद चढवला आणि लाखेऐवजी छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. १९६२ साली ‘लाइफ’ या अमेरिकन मासिकाच्या, मॅरिलिन मन्रो यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या अंकात त्यांच्यावर लेख आला आणि कारखान्याला मागणी पुरवणे कठीण झाले. हा मासा खपला तो त्याच्या रंगामुळे नव्हे. पाण्यात ओढला की तो किंचित अडखळत, आजारी माशासारखा पोहत असे.

बुचाऐवजी आपल्याकडे पांगारा आहे. वजनाला हलका, कोरायला मऊ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी हे लाकूड वापरले जाते. ते चांगले वाळलेले हवे. ओल्या लाकडावर दिलेला लेप पुढे फुगून सुटतो. १० सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा घेऊन त्यावर बाजूने आणि वरून, अशा दोन्ही अंगांनी माशाची आकृती पेन्सिलीने काढावी. मध्यरेषा शेवटपर्यंत पुसू नये. दोन्ही बाजू सारख्या राहिल्या नाहीत तर मासा आयुष्यभर एकाच दिशेला वळतो.

कोरून, काचकागदाने घासून झाल्यावर पोटाच्या मध्यरेषेत करवतीने खाच पाडावी. एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी एकेक कडी वळवून या खाचेत एकसंध बसवावी. लाकूड मोडले तरी मासा तारेवर राहतो. पोटात, मध्याच्या किंचित पुढे, वजन भरावे. पुस्तकांत शिशाचा तुकडा सांगितलेला असतो. शिसे वितळवण्याचा धूर विषारी असतो आणि स्वयंपाकघरात तर ते काम कधीच करू नये. ब्रिटनमध्ये हंस शिशाचे छर्रे गिळून मरू लागल्याने १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. सायकलच्या बेअरिंगमधील पोलादी गोळ्या तेच काम करतात. खाच इपॉक्सीने भरून घ्यावी.

आता सर्वांत नाजूक भाग : हनुवटीखालची जीभ. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचा, नखाच्या आकाराचा तुकडा तिरक्या खाचेत बसवायचा. जीभ शरीराच्या रेषेत पुढे आलेली असेल तर मासा खोल बुडी मारतो. ती उभी, काटकोनाकडे झुकलेली असेल तर तो वरच्या थरात राहून जोरात डुलतो. खारफुटीच्या मुळांवरून चालवायचा मासा उथळ असावा. रंग देण्यापूर्वी लाकडावर पाणी न शिरेल असा एक लेप द्यावा, गळ अडकवावेत आणि बादलीत नव्हे तर टाकीत किंवा तळीत ओढून पाहावा. तो पोट वर करून तरंगला तर वजन कमी आहे. डावीकडे पळू लागला तर नाकाची कडी उजवीकडे, उजवीकडे पळाला तर डावीकडे, केसभर वाकवावी. पक्कड थोडी अधिक फिरली की बिघाड दुसऱ्या बाजूस जातो, म्हणून घाई करू नये. मग रंग, आणि त्यावर इपॉक्सीचे दोन पातळ हात. लेप सुकेपर्यंत मासा हळूहळू फिरवत राहावा लागतो, नाहीतर पोटाला थेंब जमतो. होड्यांच्या कारखान्यात फायबरसाठी वापरतात ते रेझिनही चालते, पण ते उघड्यावर, हातमोजे घालूनच.

एवढा खटाटोप नको असेल त्याने जुना स्टीलचा चमचा घ्यावा. दांडी कापून टाकावी, कडा घासाव्यात, दोन टोकांना दोन छिद्रे पाडावीत. एका छिद्रात दोरीची कडी, दुसऱ्यात गळ. अमेरिकेत जूलिओ ब्यूएल याने १८५२ साली अशा चमच्याचे पेटंट घेतले. होडीत जेवताना हातातून चमचा पाण्यात पडला आणि मासा त्यावर झेपावला, अशी कथा त्याच्याबद्दल सांगतात. चमचा आजही तितकाच चालतो.

पाण्यावर

खाडीतील शिकारी मासे भरती-ओहोटीच्या हिशेबाने जगतात. ओहोटीला खाजनातून आणि खारफुटीच्या चरांतून पाणी बाहेर पडते, त्याबरोबर सुंगटे आणि पिल्ले येतात, आणि चोणक चराच्या तोंडाशी दबा धरतो. आमिष प्रवाहाबरोबर, त्याच्या वेगाने आले पाहिजे. प्रवाहाविरुद्ध जोरात धावणारे सुंगट माशाने कधी पाहिलेले नसते. मानशीच्या तोंडाशी मासळीचा हक्क बहुधा लिलावाने दिलेला असतो, तेव्हा तेथे आधी विचारावे. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात गरी टाकू नये.

चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा धारदार असते. दोरीच्या शेवटच्या हातभर भागाला जाड नायलॉनचा तुकडा जोडला नाही तर घडवलेले आमिष पहिल्याच झटक्यात जाते. तांबोशीची रीत वेगळी : आमिष तोंडात घेताच ती मुळांकडे वळते, म्हणून पहिल्या दोन-तीन हातांत तिला बाहेर खेचावे लागते.

आणखी एक गोष्ट चोणकाच्या जीवनक्रमातली आहे. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून जाळ्यात किंवा गळाला येणारे सर्वांत मोठे चोणक बहुधा माद्या असतात, आणि त्यांचा अंडी घालण्याचा काळ पावसाळ्याच्या आसपास येतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. काठावरून गरी टाकणाऱ्याला ती बंदी लागू नसली तरी त्या दिवसांत मोठी मादी सोडून देणे शहाणपणाचे. घरी गळ बांधणाऱ्याला ते सोपे आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा बांधण्यापूर्वीच पकडीने दाबून सपाट करावा, आणि लाकडी माशाला तिहेरी गळाऐवजी एकेरी लावावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तर क्षणात सुटतो. स्वतःच्या बोटात गळ रुतला तरीही हाच उपाय कामी येतो.

घरी परतल्यावर माश्या आणि लाकडी मासे गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच पेटीत ठेवावेत. ओल राहिली तर एका रात्रीत कड्यांना गंज चढतो आणि तो शेजारच्या पांढऱ्या पिसांवर उतरतो. पेटीत कापराची वडी टाकावी. पावसाळ्यात ती महिन्याला बदलावी लागते.